सदर दगडांस हात लावू नये

नृसिंहराव औटींनी आयुष्यात स्वतःच्या मनाने घेतलेले निर्णय एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातलीही दोन बोटं त्यांच्या बायकोने, अंबिकाबाईंनी, नंतर दुमडायला लावली. उरलेल्यांपैकी एक निर्णय म्हणजे लाल शेवाळ.

खरं तर ते गेले होते एका सहीसाठी. नृसिंहराव पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. (सव्वीस वर्षं त्यांनी पाणी हाताळलं, पण फक्त कागदावर.) भिंगारच्या आदिनाथ गाडे यांच्या शेतीच्या पाण्याच्या अर्जावर अर्जदाराची सहीच राहिली होती. गाडे म्हणजे लष्कराच्या एका भांडारातून निवृत्त झालेला, मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या राखणारा माणूस. नृसिंहराव सावेडीहून स्कूटरवर गेले, पायरीवर चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि सही विसरले.

समोर चार फुटी काचेची टाकी होती. समुद्राचं खारं पाणी, समुद्रातले मासे, आणि तळाशी रचलेले दगड. ते दगड लाल होते. गुलाबी नाही, विटकरी नाही, जास्वंद कोमेजायला लागली की जशी दिसते तसे जांभळट लाल.

"रंग कुठला दिलात हो?" नृसिंहरावांनी विचारलं.

"रंग नाही, औटी. शेवाळ आहे ते. जिवंत. दगडावर थर धरतं आणि चुन्यासारखं कडक होतं. हे आपणहून आलं म्हणजे समजायचं, टाकी वयात आली."

"घरी आणता येतं?"

"आणता येत नाही. आणवून घ्यावं लागतं. धीर पाहिजे."

धीर तर नृसिंहरावांकडे भरपूर होता. एकेक फाईल ते चार-चार वर्षं धीराने सांभाळत आले होते. परत येताना त्यांनी स्कूटरवरच ठरवून टाकलं.

"शेवाळ?" अंबिकाबाई म्हणाल्या. त्या प्राथमिक शाळेत बाई, त्यामुळे एकच शब्द उच्चारून समोरच्याला बाकावर उभं करायची त्यांची हातोटी होती. "गच्चीवरच्या टाकीतलं शेवाळ काढायला आपण दर उन्हाळ्यात माणूस बोलावतो. आणि तुम्ही मुद्दाम आणून लावणार?"

"अगं, ते हिरवं. हे लाल."

"मग ते काढायला दुसरा माणूस बोलवावा लागेल, एवढंच ना?"

तरी टाकी आली. तीन फुटी. हॉलमध्ये ती मावेल असा एकच कोपरा होता, ईशान्येचा, आणि तिथे दर नवरात्रात औट्यांचा घट बसायचा. "नवरात्राला अजून नऊ महिने आहेत," नृसिंहराव उदारपणे म्हणाले. "तोवर काय काय होईल!"

झालं एवढंच, की सावेडीत समुद्र आला. नळाला पाणी दिवसाआड, आणि अंबिकाबाईंनी भरून ठेवलेल्या पाण्यातून नृसिंहराव शुद्ध पाणी काढणार, त्यात पिशवीतलं खास मीठ घालून ढवळणार आणि घरात असेल त्या भांड्यात समुद्र भरून ठेवणार. एकदा तो त्यांनी स्टीलच्या कळशीत भरला. त्या रविवारी अंबिकाबाईंची मुख्याध्यापिका जेवायला होती.

"वरणात मीठ जरा..." मुख्याध्यापिकाबाई ठसका आवरत म्हणाल्या.

"मी घातलंच नाही अजून!" अंबिकाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांची नजर सावकाश कळशीकडे आणि तिथून नवऱ्याकडे गेली. नृसिंहरावांनी वरणभात शेवटच्या शितापर्यंत संपवला. दिवसभर ते पाणी पीत होते.

शेवाळ आलं, नाही असं नाही. आधी तपकिरी आलं. मग हिरवं. मग केसांसारखं लांब, बोटांना गुंडाळणारं एक आलं, ज्याचं नाव गाडेंनासुद्धा माहीत नव्हतं. सगळी वरात आली, नवरदेवाचा पत्ता नव्हता. नृसिंहराव सकाळ, संध्याकाळ आणि जेवणानंतर एकदा असं रोज तीन वेळा टाकीत कोपरापर्यंत हात घालत, दगड फिरवत, काच पुसत, फूटपट्टीने काहीतरी मोजत. मोजायला काहीही नव्हतं.

गणपती विसर्जन झालं त्या संध्याकाळी अंबिकाबाईंनी निकाल दिला. "घट बसायच्या आत तुमचं ते लाल दिसलं, तर टाकी राहील. नाही दिसलं तर देवीची जागा देवीला. मासे गाडेंना द्यायचे आणि टाकी गच्चीवर. मी त्यात कोथिंबीर लावीन."

कोथिंबीर हा शब्द नृसिंहरावांना फार लागला. दोन नारिंगी मासे काचेशी येऊन त्यांच्याकडे बघत होते. (मासे सगळ्यांकडेच बघतात, पण नृसिंहरावांकडे घरात बाकी कोणी असं बघत नसे.) ऑफिसात हाताखालच्या माणसांनी, घरी बायकोने आणि स्वयंपाकघरात कुकरने त्यांचं कधी ऐकलं नव्हतं. एक गोष्ट तरी आपल्या हातून रुजावी, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

ते गाडेंकडे धावले. गाडेंनी ऐकून घेतलं, मिशीवरून बोट फिरवलं आणि टाकीतून कवठाएवढा एक दगड काढला. सगळीकडून लालभडक.

"अकरा वर्षं माझ्याकडे आहे. याच्यापासून दुसऱ्या दगडांवर पसरेल. उसना देतोय, औटी. बाळंतिणीसारखा जपा. आणि चुन्याची निवळी थेंब थेंब सोडत जा, याला चुना लागतो."

दगड जेवणाच्या डब्यातून, समुद्राच्या पाण्यात बुडवून, पंधराच्या स्पीडने सावेडीला आला. दुसऱ्या दिवसापासून नृसिंहराव ऑफिसजवळच्या टपरीवर उभे राहू लागले.

"साहेब, नुसता चुना? तंबाखू नको?"

"नको."

"पान?"

"नको म्हटलं ना!"

आठवड्याभरात ऑफिसात सगळीकडे झालं, की औटीसाहेब चुना खातात.

पण निवळी लागू पडली. घट बसायला पाच दिवस असताना नृसिंहरावांच्या स्वतःच्या दोन दगडांवर एकेक ठिपका दिसला. लाल! त्यांनी अंबिकाबाईंना पोळी लाटताना हाताला धरून आणलं.

"दिसलं?"

अंबिकाबाईंनी वाकून पाहिलं. "कोणीतरी पान खाऊन थुंकल्यासारखं दिसतंय."

"पण लाल आहे ना?"

"एवढ्याशा ठिपक्यावर देवीची जागा द्यायची? घट बसायच्या दिवशी बघू. दगड लाल दिसला पाहिजे, ठिपका नाही."

त्या दोघांनाही तेव्हा कल्पना नव्हती, की बेलापूरहून रतनबाई निघाल्या आहेत.

रतनबाई म्हणजे अंबिकाबाईंच्या आई. सहा एकर ऊस आणि चार म्हशी सांभाळणाऱ्या या बाई दरवर्षी घटाच्या आधी लेकीकडे यायच्या, कारण लेकीला घर धुता येत नाही अशी त्यांची खात्री होती. घट बसायच्या आधी घरातल्या झाडून सगळ्या वस्तू निघणार, घासल्या जाणार, उन्हात पडणार. गोधड्या, पितळेची भांडी, देव, डबे, पंख्याची पाती. मागच्या वर्षी त्यांनी टीव्हीचा रिमोटसुद्धा धुतला होता. तो स्वच्छ निघाला, एवढंच त्याच्याबद्दल सांगता येईल.

आल्या आल्या त्या टाकीपुढे उभ्या राहिल्या. "किती दिस झालं ह्याला, जावईबापू?"

"नऊ महिने झाले, मामी." सासूला ते मामी म्हणत.

"नऊ म्हैने! आन् एवढंसंच उगावलं? आमच्या घटात नऊ दिसात धान वितभर येतं की!"

नृसिंहराव हसले, पण आतून सावध झाले. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या. घरात जळमटं निघणार, पंख्यांची धूळ उडणार. ती टाकीत पडली तर? (टाकीला झाकण होतं. हे त्यांना संध्याकाळी आठवलं.) त्यांनी ऑफिसला निघताना गाडेंचा दगड आणि आपले ठिपकेवाले दोन दगड अलगद काढून समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवले, बादली मागच्या बाल्कनीत ठेवली आणि वर कागद चिकटवला. मजकूर असा: 'सदर दगडांस कोणीही हात लावू नये. आदेशावरून.' सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा एवढा सुबक मसुदा झाला नव्हता.

आता मागच्या बाल्कनीत त्या दिवशी आणखी काय काय होतं, तर घंघाळ, समया, तांब्याचे तांबे, पितळेचे डबे. सगळे रांगेत, घासायची वाट बघत. बादली त्याच रांगेत शेवटी बसली.

संध्याकाळी नृसिंहराव घरी आले, तेव्हा रतनबाई दारातच उभ्या होत्या. चेहऱ्यावर नुसता आनंद.

"जावईबापू, या, दाखवते. दगुड कसे काढलेत बगा!"

बाल्कनीत, दोन गोधड्यांच्या मध्ये, तीन दगड उन्हात वाळत होते. पांढरे. साबुदाण्यासारखे पांढरेशुभ्र.

"लई डाग पडले हुते वो. कुनी येनारं जानारं बघंल तर म्हनंल, पान खाऊन सासूनं पिचकारी मारली! मंग काथ्यानं घासलं, चिंच लावली, चार पान्यानं धुतलं. तवा कुठं निघालं."

"मामी... तिथे कागद होता..."

"व्हय, हुता की. चष्मा न्हवता डोळ्याला. त्यानं आरसा पुसला. लई लख्ख निगाला!"

नृसिंहरावांनी तोंड उघडलं. सासूवर आवाज चढवायचा तर घराण्यात कोणी चढवला नव्हता, आणि समोरच्या म्हातारीच्या हातांची सालं निघाली होती घासून घासून. "छान," ते म्हणाले. "फार छान." त्यांचा आवाज शाळेत बक्षीस न मिळालेल्या मुलासारखा निघाला.

तेवढ्यात फोन वाजला. गाडे.

"औटी, उद्या घटाच्या दर्शनाला येतो वहिनींकडे. दगडपण बघून जाईन म्हणतो. कसाय?"

"उत्तम!" नृसिंहराव इतक्या मोठ्याने म्हणाले, की रतनबाईंनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. "दगड उत्तम आहे! लाल आहे! काही काळजी करू नका!"

त्या रात्री ते जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

पहाटे उजाडता उजाडता त्यांना उपाय सुचला. (त्यांचे सगळे उपाय पहाटेचे असत, आणि दुपारपर्यंत त्यांचं काय व्हायचं ते होऊन जाई.) तुळशीच्या कुंडीला लावून उरलेला गेरू बाल्कनीत होता. त्यांनी तो कालवला, गाडेंच्या दगडाला तीन हात दिले आणि हॉलमध्ये पंख्याखाली, टाकीपुढच्या पाटावर वाळायला ठेवला. लांबून पाहिलं तर अगदी तसा दिसत होता. फक्त वाळला, की काचेच्या भांड्यात ठेवायचा आणि गाडेंना दारातूनच दाखवायचा. नृसिंहराव समाधानाने आंघोळीला गेले.

आंघोळ करून आले तेव्हा उदबत्तीचा वास येत होता.

पाटावर पत्रावळ होती. पत्रावळीवर काळी माती, मातीत सात धान्यं, मध्ये पाण्याने भरलेला घट, त्यावर नागवेलीची पानं, शेजारी नंदादीप. आणि घटाच्या अगदी पुढ्यात, हळदीकुंकू लावलेला, झेंडूची पहिली माळ घातलेला, गाडेंचा दगड.

"जावईबापू!" रतनबाईंनी हात जोडले. "देवीचा तांदळा आनला तुमी घरात! न सांगता! शेंदूर बी लावला! आता ह्यो नऊ दिस हलायचा न्हाई बरं का. घटाला धक्का लागला न्हाई पायजे. आन् त्या मागच्या टाकीला बी कुनी शिवायचं न्हाई."

"अहो, मला सांगायचं तरी. टाकीचं आता दसऱ्यानंतरच बघू," अंबिकाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून घाईघाईने आत गेल्या. बायकोला गहिवरून आलं, असं नृसिंहरावांना वाटलं. लग्नानंतर पहिल्यांदाच ती आपल्यामुळे गहिवरली, आणि तेही एका खोट्यापायी, या विचाराने त्यांना घाम फुटला.

अकरा वाजता गाडे आले. घटासमोर बसले. देवी म्हणून मांडलेल्या त्या तांदळ्याकडे पाहिलं. जरा जवळ वाकले. मग त्यांनी एकदम जमिनीला डोकं टेकवलं आणि बराच वेळ वर उचललंच नाही. त्यांचे खांदे हलत होते. लष्करातली माणसं किती भाविक असतात, हे नृसिंहरावांना तेव्हा कळलं.

"दगड?" गाडेंनी डोळे पुसत विचारलं.

"तो... टाकीत, मागे. घटामुळे आता दसऱ्यापर्यंत तिकडे जाता येत नाही."

"बरोबर. घट हलवायचा नसतो. दसऱ्याला सोनं द्यायला येईन, तेव्हा नेतो."

ते नऊ दिवस नृसिंहरावांनी कसे काढले, ते त्यांचं त्यांना ठाऊक. रोज एक माळ चढत होती. शेजारणी ओटी भरायला यायच्या आणि तांदळ्याला कुंकू लावून जायच्या. नृसिंहराव आरतीला उभे राहायचे आणि डोळे मिटून मनातल्या मनात माफी मागायचे, देवीची एकदा आणि गाडेंची एकदा. हात टाकीकडे वळवळायचे, पण शिवायची सोय नव्हती. मातीतलं धान मात्र खरोखरच वितभर आलं.

दसऱ्याला घट हलले. पाच वाजता गाडे आपट्याची पानं घेऊन आले आणि नृसिंहरावांना राहवलं नाही. त्यांनी पानं घेतलीच नाहीत. दगड दोन्ही हातांनी उचलला आणि सगळ्यांसमोर गाडेंपुढे धरला.

"गाडेसाहेब, हा तुमचा दगड. देवी नाही. म्हणजे शेंदूर नाही, गेरू आहे. मी लावला. तुमचं शेवाळ गेलं. मामी, तुम्हाला मी फसवलं. अंबिका, तुलाही. माझ्या हाताने काही म्हणजे काहीच रुजत नाही, हे खरं आहे." एवढं बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

मग रतनबाईंनी पानाचा डबा मिटला.

"गेरू हाय त्ये मला ठावं न्हवतं व्हय? आन् दोन तास हातात धरून घासलेला दगुड मी वळखनार न्हाई? फोनवर तुमी वरडला, आन् जेवला न्हाई, तवाच समजलं मला. आपल्या हातनं वाटोळं झालं. मंग म्हनलं, घटात बसवावा. घटातलं मागायची कुनाची छाती हाय? आन् देव म्हनाल, तर गेरू लावा न्हाई तर शेंदूर, दगडात त्यो हायच."

"म्हणजे तुम्हाला..." नृसिंहराव बायकोकडे वळले. "तुला?"

"आईने मला सकाळीच सांगितलं होतं. मला हसू आवरेना हो, म्हणून मी आत पळाले."

"मलापण पहिल्याच दिवशी कळलं," गाडे म्हणाले. "अकरा वर्षांचा माझा दगड. उजव्या अंगाला टवका उडालेला आहे. नमस्काराला वाकलो आणि मला उठताच येईना, औटी. हसून हसून पोट दुखलं."

नऊ दिवस घरातल्या घरात एकटाच घाबरलेला माणूस खुर्चीत बसला.

गाडेंची नजर मात्र टाकीवर गेली होती. ते जवळ गेले, खिशातून भिंग काढलं आणि काचेला नाक टेकवलं. मग हळूच म्हणाले, "हे कोणी केलं?"

काचेवर, पंपावर, दगडांवर मोहरीएवढे ठिपके होते. शेकडो. सगळे लाल.

"आजी, दगड घासलेलं पाणी काय केलंत?" गाडेंनी रतनबाईंना विचारलं.

"पयलं काथ्यानं घासलं ना, त्याच बादलीत, चिंच लावायच्या आदी. त्ये पानी खारंच हुतं. इथं पानी येतं दिसाआड, वाया कशाला घालवायचं? झाकन काढून दिलं टाकीत वतून."

गाडेंनी दोन्ही हात जोडले. या वेळी खांदे हलत नव्हते. "घासलेला सगळा चुरा टाकीत गेला, औटी! त्यातूनच हे रुजलं. आणि नऊ दिवस टाकीत कोणी हात घातला नाही, म्हणून टिकलं. नऊ महिने तुम्ही रोज तीनदा ढवळत होतात, ते बिचारं बसणार कुठे?"

मग काय, टाकी राहिली. "घट बसले तेव्हा लाल पाण्यात होतंच, फक्त दिसत नव्हतं," असा निकाल अंबिकाबाईंनी दिला. पुढच्या वर्षीपासून घट टाकीच्या पुढ्यातच बसायचा ठरला. गाडेंनी पांढऱ्या दगडाचं काही मनावर घेतलं नाही. उलट स्वतःच्या टाकीसाठी रतनबाईंना भिंगारला बोलावलं. स्कूटर नृसिंहरावांची, मागे रतनबाई, आणि काथ्याची पिशवी नृसिंहरावांच्या हँडलला. तिथे गाडेंच्या दोन पाहुण्यांनी रतनबाईंना दहा प्रश्न विचारले आणि नृसिंहरावांना एकच. "रिक्षा बाहेरच थांबवलीत का?"

दिवाळीपर्यंत टाकी आतून लालेलाल झाली. दगड लाल, पंप लाल, मागची काच लाल. पुढच्या काचेवरही लाल चढायला लागलं, तेव्हा ती तेवढी पुसावी म्हणून नृसिंहराव पाडव्याच्या सकाळी बाही वर सारून पुढे झाले. काचेवर कागद होता.

'सदर टाकीस श्री. नृसिंह औटी यांनी हात लावू नये. आदेशावरून.'

खाली तीन सह्या होत्या. अंबिकाबाईंची वळणदार, रतनबाईंची जोर देऊन काढलेली, आणि तिसरी, जिच्यासाठी नृसिंहराव दहा महिन्यांपूर्वी भिंगारला गेले होते आणि जी अर्जावर अजूनही झालेली नाही, ती आदिनाथ गाडेंची.